सहावी आणि सातवी आज्ञा

गेल्या पावसाळ्यात एक भगिनी चर्चच्या कचेरीत आली. हातात बँकेचे पासबुक होते. नऊ वर्षे ती एका गृहस्थासमवेत विवाहाविना राहिली. घराच्या कर्जाचे निम्मे हप्ते तिच्या पगारातून गेले. खरेदीखत मात्र त्याच्या एकट्याच्या नावे. आता त्याने तिला घर सोडण्यास फर्मावले होते.

"फादर, माझं काय?" तिने विचारले.

"लग्न का केलं नाही?" मी म्हणालो. ती निमूटपणे उठली.

दोन दिवसांनी मीच तिला एका वकिलांकडे नेले. त्यांनी समजाविले, की कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ चा कायदा विवाहसदृश नात्यातील स्त्रीलाही आसरा देतो. मात्र दोघेही विवाहास पात्र असावेत आणि समाजात पतिपत्नीप्रमाणे वावरलेले असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली म्हटले आहे. कायदेशीर मार्गाखेरीज तिला राहत्या घरातून काढता येत नाही; पण घराची मालकी त्या कायद्याने मिळत नाही. भरलेल्या पैशांसाठी वेगळा दावा करावा लागतो आणि तेथे पासबुकातील नोंदीच साक्षीदार ठरतात. तिचा दावा अद्याप चालू आहे.

विवाहाविना सहजीवन ख्रिस्तसभेला मान्य नाही. मीही व्यासपीठावरून तेच सांगत आलो. परंतु सहावी आज्ञा मोडली म्हणून सातवी रद्द होत नाही. "चोरी करू नको" ही आज्ञा देवाने केवळ विवाहितांसाठी दिलेली नाही. तिच्या घामाचा पैसा तिचाच आहे.

त्या दिवशी तिने पासबुक पुढे केले होते आणि मी विवाहाचा दाखला मागितला, ही खंत मात्र माझी आहे.