किमिको दाते: दोन कारकिर्दी

वागळे इस्टेट, ठाणे



किमिको दाते ही जपानची टेनिसपटू दोनदा निवृत्त झाली: पहिल्यांदा २६ व्या वर्षी, दुसऱ्यांदा ४७ वर्षे पूर्ण व्हायला थोडेच दिवस असताना. मधली जवळपास बारा वर्षे ती व्यावसायिक टेनिसपासून पूर्ण बाजूला होती. एवढ्या खंडानंतर परतून पुन्हा अजिंक्यपद मिळवणे तिला कसे जमले, याचे उत्तर जिद्दीत शोधण्याची आपल्याकडे सवय आहे. जिद्द होतीच, पण अधिक खरे उत्तर तिच्या खेळण्याच्या पद्धतीत आहे.

तिचा जन्म २८ सप्टेंबर १९७० रोजी क्योटोत झाला. मुळात ती डावखुरी, पण रॅकेट धरली उजव्या हातात. चेंडू टप्पा घेऊन वर चढत असतानाच, त्याने पूर्ण उंची गाठण्याआधी, ती तो सपाट फटक्याने परतवत असे. अशा फटक्याला स्वतःचे बळ कमी लागते, कारण वेग समोरचीच पुरवते. शिवाय समोरचीला सावरायला वेळ मिळत नाही. मात्र नजर आणि पावले क्षणभरही चुकून चालत नाहीत. सर्व्हिस हा तिचा कच्चा दुवा होता आणि शेवटपर्यंत तसाच राहिला.

१९८९ मध्ये ती व्यावसायिक झाली. टोकियोची जपान ओपन तिने १९९२ पासून सलग तीनदा आणि पुढे १९९६ मध्ये पुन्हा जिंकली. १९९४ च्या जानेवारीत सिडनीचे अजिंक्यपद मिळाले आणि त्याच महिन्यात ती ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्य फेरीत पोहोचली. त्या वर्षी हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत महिला एकेरीचे सुवर्ण तिने घेतले. त्याच स्पर्धेत पुरुष दुहेरीचे सुवर्ण लिएंडर पेस आणि गौरव नाटेकर यांनी जिंकले. नाटेकर म्हणजे बॅडमिंटनमधल्या नंदू नाटेकरांचा मुलगा. 

१९९५ मध्ये फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी गाठून दाते नोव्हेंबरात जागतिक क्रमवारीत चौथी झाली. अव्वल दहांत आलेली ती पहिली जपानी महिला. पण तिचे वर्ष म्हणजे १९९६. एप्रिलमध्ये टोकियोच्या आरिआके मैदानावर फेड चषकात तिने स्टेफी ग्राफला ७-६, ३-६, १२-१० असे हरवले आणि जपानने जर्मनीवर ३-२ असा विजय मिळवला. जुलैत विम्बल्डनच्या उपांत्य सामन्यात दोघी पुन्हा समोरासमोर आल्या. पहिला सेट ग्राफने ६-२ असा सहज घेतला. दुसऱ्यात ०-२ अशा पिछाडीवरून दातेने सलग सहा गेम जिंकले आणि अंधार पडल्यामुळे खेळ थांबला. दुसऱ्या दिवशी ताजीतवानी झालेली ग्राफ तिसरा सेट ६-३ असा घेऊन गेली. प्रेक्षकांतून ग्राफला आलेली लग्नाची मागणी आणि ‘तुझ्याकडे पैसे किती आहेत?’ हा ग्राफचा सवाल याच सामन्यातला. लोकांच्या लक्षात तेवढेच राहिले, हे दातेवर अन्यायाचे आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस, अव्वल दहांत असतानाच, तिने रॅकेट ठेवली. २००१ मध्ये जर्मन मोटारशर्यतपटू मिखाएल क्रुम याच्याशी लग्न झाले. २००४ मध्ये ती लंडनची मॅरेथॉन धावली. २००८ च्या वसंतात टोकियोत ग्राफ आणि नवरातिलोवा यांच्याबरोबर प्रदर्शनीय सामने झाले आणि त्यानंतर ३७ व्या वर्षी तिने पुनरागमन जाहीर केले. सुरुवात थेट खालच्या पायरीवरून, गिफूच्या छोट्या स्पर्धेत पात्रता फेरीपासून. तिथे तिने अंतिम फेरी गाठली आणि कुरुमी नारा या किशोरवयीन मुलीबरोबर दुहेरी जिंकली.

२७ सप्टेंबर २००९ रोजी, ३९ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तिने सोलची स्पर्धा जिंकली. एकेरीचे हे तिचे आठवे अजिंक्यपद. त्याहून मोठ्या वयात असे अजिंक्यपद तोवर फक्त बिली जीन किंगने मिळवले होते. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये दिनारा साफिना, टोकियोत मारिया शारापोव्हा तिच्याकडून हरल्या. २०११ च्या विम्बल्डनमध्ये व्हीनस विल्यम्सला तिसऱ्या सेटमध्ये ८-६ पर्यंत जावे लागले. या सगळ्या उंच, जोरकस मुली. चेंडू लवकर घेणाऱ्या खेळाडूला त्यांचा वेग उपयोगीच पडला.

नोव्हेंबर २०१२ मध्ये ती पुण्यात आली. ठाण्याहून द्रुतगती मार्गाने जाताना पुण्याच्या वेशीवरच बालेवाडी लागते. तिथले श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभे राहिले. त्याच संकुलातल्या महिलांच्या स्पर्धेत ४२ वर्षांची दाते अंतिम फेरीत पोहोचली आणि युक्रेनच्या १८ वर्षांच्या एलिना स्वितोलिनाकडून २-६, ३-६ अशी हरली. दाते पहिल्यांदा निवृत्त झाली तेव्हा स्वितोलिना दोन वर्षांची होती. पुढे स्वितोलिना जगात तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. पुण्यानंतर दोन महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये दातेने बाराव्या मानांकित नादिया पेत्रोव्हाला ६-२, ६-० असे हरवले आणि त्या स्पर्धेत एकेरीचा सामना जिंकणारी सर्वांत वयस्क महिला ठरली. २०१३ च्या विम्बल्डनची तिसरी फेरी आणि २०१४ च्या अमेरिकन ओपनमध्ये दुहेरीची उपांत्य फेरी, ही नंतरची ठळक कामगिरी.

पुढे गुडघ्याने साथ सोडली. २०१६ मध्ये शस्त्रक्रिया झाल्या. सप्टेंबर २०१७ मध्ये टोकियोत अलेक्सांद्रा क्रुनिचकडून ०-६, ०-६ अशी हार पत्करून ती थांबली. त्यानंतर वासेदा विद्यापीठातून तिने क्रीडाशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. वाळू भरलेल्या कृत्रिम गवताचे कोर्ट जपानमध्ये सर्वत्र दिसते, पण जागतिक स्पर्धा हार्ड कोर्टवर आणि मातीवर होतात. या तफावतीमुळे जपानी मुले मागे पडतात, हा तिचा अभ्यासाचा विषय. २०१९ पासून ती योनेक्सबरोबर जपानी कुमारी खेळाडूंना शिकवते.

तुझा,
काका