थंडीतली फटफटी आणि दहा बोटं

मुलांनो, गडचिरोली जिल्ह्याचा नकाशा काढा. उत्तरेच्या अंगाला बोट न्या. वडसा म्हणजेच देसाईगंज आणि कोरची या दोन नावांच्या मध्ये कुरखेडा दिसेल. सती नदीच्या काठचं हे आमचं तालुक्याचं गाव. रेल्वे वडशाला भेटते. तिथून पुढे एसटी, आणि एसटीची वेळ चुकली की मोटारसायकल. आमच्याकडची म्हातारी माणसं तिला अजून फटफटीच म्हणतात. धानाचं पोतं, दवाखान्यात न्यायची आजी, आठवडी बाजाराची पिशवी आणि शाळेचे गुरुजी, सगळे तिच्यावरूनच जातात.

तुम्ही म्हणाल, गडचिरोली-चंद्रपूर म्हणजे ऊन! तिथे कसली आली थंडी? जवळच्या ब्रह्मपुरीचं नाव तुम्ही उन्हाळ्यातल्या तापमानाच्या बातम्यांत ऐकलं असेल. पण डिसेंबर-जानेवारीत एकदा या. पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास येतो, एखाद्या दिवशी त्याच्याही खाली. काश्मीरच्या मानाने हे काहीच नाही, कबूल. पण काश्मीरच्या माणसाच्या अंगात फिरन असतो आणि फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी. आमच्या माणसाच्या अंगात सुती शर्ट आणि गळ्यात दुपट्टा!

शनिवारी सकाळची शाळा असली, की मी कुरखेड्याहून कोरचीच्या रस्त्याला लागतो. गाडीवर बसलं, की थर्मामीटरची गरज उरत नाही. हाताची बोटंच पारा सांगतात. सती नदी ओलांडताना बोटांना सुया टोचल्यासारखं होतं. पुढे मोकळ्या बांध्या लागतात. धान कापून झालेलं असतं, कुठे पुंजणे उभे असतात, कुठे चुरणी चाललेली असते. तिथेही गार. मग रस्ता झाडीत शिरतो. ऐन, मोह, साग, मधूनच बांबू. आणि काय गंमत, झाडाखाली थंडी जरा सैल होते! पण पुढे एखादा नाला आला, की पुन्हा गारठा. पुराड्यापर्यंत असं तीन-चारदा तरी होतं.

हे का होतं, ते कळलं की रस्ता वेगळाच दिसू लागतो. रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते आणि तिच्यालगतची हवा गार होते. गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि नदी, नाला, बोडी अशा खोलगट जागी साचते. सकाळी बोडीवर धुकं बसलेलं दिसतं, ते या साचलेल्या गारव्यामुळेच. झाडीत मात्र डोक्यावर पानांचं छप्पर असतं. जमिनीतून निघालेली ऊब त्या छपराखाली काही प्रमाणात अडून राहते. म्हणून पूल आला की मी आधीच वेग कमी करतो. तुमच्या गावच्या रस्त्यावर गार जागा कोणत्या आहेत, बघा बरं शोधून.

आता प्रश्न असा, की सगळ्या अंगात आधी बोटंच का गारठतात? आपलं शरीर आतून साधारण सदतीस अंशांवर राहायला बघतं. मेंदू, हृदय, यकृत यांना ऊब लागतेच लागते. थंडी वाढली, की शरीर काटकसर सुरू करतं. घरात धान कमी असलं, की आई कशी आधी लहानग्याचं ताट वाढते आणि मग बाकीच्यांचं, तसंच. हातापायांकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि गरम रक्त पोटा-छातीकडे राखून ठेवलं जातं. बोटं बिचारी टोकाला. त्यातून ती बारीक आणि लांब. थोडंसं मांस आणि चहूकडून कातडी, त्यामुळे त्यांची उष्णता झपाट्याने निघून जाते.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी ऐकून माझ्या वर्गातली पोरं आपापली बोटं दाबून बघायला लागली. बोट मिटायचा मोठा स्नायू बोटात नसतोच! तो असतो मनगट आणि कोपर यांच्या मध्ये. तिथून दोऱ्यांसारख्या शिरा बोटांपर्यंत येतात आणि कठपुतळीसारखी बोटं हलवतात. डाव्या हाताने उजवा हात कोपराखाली धरा आणि उजवी मूठ उघडा-मिटा. आत हालचाल लागते की नाही? म्हणजे मनगट आणि त्याच्या वरचा भाग गारठला, तर हातमोजे घालूनही बोटं आळशीच राहणार.

मोटारसायकलवर बोटांचा आळस परवडत नाही. उजव्या हाताची बोटं पुढचा ब्रेक दाबतात, डाव्या हाताची क्लच. थंडीने नसांतून जाणारे निरोपही सावकाश जातात. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात अकरा मीटर पळते. ब्रेक दाबायला नुसता अर्धा सेकंद जास्त लागला, तर गाडी साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. जवळजवळ एक वर्गखोली! आमच्या रस्त्यावर पहाटे गाई-बैल असतात, रानडुकरं आडवी जातात. आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडच्या बाजूने रानटी हत्तींचा कळप जिल्ह्यात आला, तेव्हापासून या भागातली माणसं वळणावर जास्तच जपून गाडी चालवतात. अशा रस्त्यावर बोटं वेळेवर मिटलीच पाहिजेत.

थंडीचा खरा जोडीदार म्हणजे वारा. गाडीवर बसलेला माणूस आपला वारा आपणच तयार करतो. या वाऱ्याचं गणित मांडणाऱ्या माणसाची हकिगत ऐका. पॉल सायपल हा अमेरिकेतला बालवीर. १९२८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याची निवड थेट अंटार्क्टिकाच्या मोहिमेसाठी झाली! पुढे तो शास्त्रज्ञ झाला आणि पुन्हा अंटार्क्टिकाला गेला. तिथे त्याने आणि चार्ल्स पॅसेल याने प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगलं आणि वारा कमी-जास्त असताना पाणी गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं. १९४५ मध्ये ते काम छापून आलं. २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने हे गणित सुधारून घेतलं. उघड्या चेहऱ्यासाठी केलेलं हे गणित आपल्या हातांना जसंच्या तसं लागू नाही, पण अंदाज येतो. हवा आठ अंशांची असेल, तर ताशी वीस किलोमीटरच्या वाऱ्यात ती पाच अंशांसारखी बोचते, चाळीसच्या वाऱ्यात तीन अंशांसारखी आणि साठच्या वाऱ्यात दोन अंशांसारखी. नीट बघा, पहिल्या विसातच तीन अंश गेले! म्हणजे जोरात सायकल मारत शाळेला येणाऱ्या मुलींनाही हा वारा सोडत नाही.

घरी करून बघायचं असेल, तर सारख्या तीन बाटल्यांत कोमट पाणी भरा. एक कोपऱ्यात ठेवा. दुसरी पंख्यासमोर. तिसरीला ओलं फडकं गुंडाळून तीही पंख्यासमोर. पंधरा-वीस मिनिटांनी हात लावा. फडक्याची बाटली सगळ्यात गार लागेल, कारण पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं. दवाने भिजलेला हातमोजा नेमकं हेच करतो. म्हणून रात्री हातमोजे गाडीला लटकवून ठेवू नयेत. घरात आणून चुलीपासून जरा लांब वाळत टाकावेत.

आता उपाय. पहिला उपाय मला पुस्तकातून मिळाला नाही. रस्त्याकडेच्या एका खळ्यावर राखणीला बसलेल्या आजोबांनी तो सांगितला. मी शेकोटीपाशी थांबून हात पुढे केले, तर ते म्हणाले, “बसा जी गुरुजी. हात मंग शेका, पयले छाती शेका. अंग तपलं का हात आपोआप तपते.” वर शरीराच्या काटकसरीबद्दल लिहिलं ना, तेच हे! छाती-पोट उबदार असलं, की शरीर हातांना रक्त मोकळ्या हाताने देतं. म्हणून उपाशीपोटी निघू नये. दोन भाकऱ्या पोटात असल्या तर शरीराच्या चुलीला जळण मिळतं. कान आणि गळा दुपट्ट्याने झाकावा, वर हेल्मेट घालावं, आणि दुपट्ट्याची टोकं आत खोचावीत. लोंबती टोकं चाकात जातात.

छातीवरच्या वाऱ्यासाठी जुनं वर्तमानपत्र! स्वेटरच्या विणीतून वारा आरपार जातो. स्वेटरच्या आत वर्तमानपत्राची चार पानं घडी करून घातली, की वारा अडतो. हसू नका. फ्रान्समध्ये ‘टूर द फ्रान्स’ ही मोठी सायकल शर्यत होते. तिथले नामांकित स्पर्धक आल्प्स पर्वताचा घाट चढून गेले, की उताराला लागण्यापूर्वी प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन छातीवर सरकवायचे.

मनगटासाठी जुना पायमोजा. फाटलेला चालेल. त्याचा पंजा कापून टाका, उरलेली नळी मनगटावर चढवा आणि वर बाही ओढा. मनगटाशी रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी जवळ असतात (नाडी तिथेच तर बघतात!), म्हणून बाही आणि हातमोजा यांच्यातली फट बुजवलीच पाहिजे.

हातमोजे घट्ट नकोत. घट्ट मोज्याने रक्त अडतं आणि उबेसाठी हवा धरून ठेवायला जागाही राहत नाही. नुसते लोकरीचे मोजे गाडीवर कमी पडतात. आत लोकरीचा आणि बाहेर चामड्याचा किंवा रेक्झिनचा, अशी जोडी बरी. तेवढी सोय नसेल, तर हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यावर लोकरीचा मोजा. प्लॅस्टिक आतच हवं, बाहेर असलं तर मूठ घसरते. आत घाम साचतो, म्हणून हा उपाय थोड्या अंतरापुरताच. उत्तर हिंदुस्थानात हँडललाच उबदार कव्हर बांधतात आणि त्यात हात घालून गाडी चालवतात. जपानमध्येही अशी कव्हरं दिसतात. कुणी पाच लिटरच्या तेलाच्या कॅनचा तुकडा कापून मुठीच्या पुढे वाऱ्याला आडवा बांधतात. फुकटचा आणि चांगला उपाय आहे, पण बांधल्यावर गाडी उभी असतानाच ब्रेक, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटर मोकळे फिरतात का ते पाहायला हवं.

आई-बाबांनो, हा भाग तुमच्यासाठी. आपण लहान मुलाला पेट्रोलच्या टाकीवर पुढे बसवतो. आपल्याला वाटतं, पोर आपल्या दोन हातांच्या मध्ये सुरक्षित आहे. पण समोरचा सगळा वारा आधी त्याला लागतो. ते लेकरू आपलं वाऱ्याचं ढालपत्र झालेलं असतं! बाबांचे हात गारठले तर बाबा थांबतात, पण त्याची बोटं बधिर झाली तर ते बहुतेक वेळा गप्प बसतं, कारण बधिर बोट दुखत नाही. जोरात ब्रेक लागला, तर टाकीवर बसलेल्या मुलाला धरायला काहीच नसतं, ही भीती वेगळीच. पायदानावर पाय पोचत असतील, तर त्याला मागे बसवावं, डोक्यावर त्याच्या मापाचं हेल्मेट द्यावं, आणि हातमोजे घालून कंबरेला घट्ट धरायला सांगावं. पाय पोचत नसतील, तर थंडीच्या पहाटे एसटीची वाट बघावी. आणि मुलांनो, बोटांना मुंग्या आल्या किंवा ती पांढरी पडली, तर लगेच पाठीवर थाप मारा. लाजू नका.

थांबल्यावर काय करायचं? हात काखेत धरायचे. किंवा खांद्यापासून हात गरगर फिरवायचे, म्हणजे रक्त बोटांकडे ढकललं जातं. पुराड्याच्या पुढे बेडगावचा घाट सुरू होण्याआधी मी हे करतोच, कारण घाटात ब्रेकला सारखं काम पडतं. गरम चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरणं तर सगळ्यांनाच आवडतं. मात्र सायलेन्सरला हात लावायचा नाही. बधिर कातडीला किती गरम आहे तेच कळत नाही आणि चटका बसून गेल्यावर समजतं. घरी गेल्यावर एकदम कढत पाण्यात हात घालायचे नाहीत, तेही याच कारणाने. पाणी कोमट हवं, आणि ते दुसऱ्या कुणीतरी कोपर बुडवून पाहिलेलं असावं. निखाऱ्यांचं घमेलं बंद खोलीत ठेवून झोपू नये. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वासाने कळत नाही आणि झोपेतच घात करतो.

या सगळ्याची खरी परीक्षा आमच्याकडे शाळेच्या वेळी होत नाही, ती होते रात्री. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडई भरायला लागतात आणि मंडईच्या रात्री नाटक असतं. २०२३ मध्ये पद्मश्री मिळालेले झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे आमच्याच तालुक्यातल्या गुरनोलीचे. नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. पंचक्रोशीतली माणसं मोटारसायकलींवरून येतात. येताना काही वाटत नाही, पण पडदा पडतो तो ऐन गारठ्याच्या वेळी. जाणती माणसं तेव्हा गाडीला किक मारायची घाई करत नाहीत. चहाच्या टपरीजवळ शेकोटी असते. तिथे तणसाचा एकेक पेंढा टाकत, आळीपाळीने छाती आणि पाठ शेकत, खलनायक कसा पडला आणि नायिकेचं गाणं कसं रंगलं याच्या गप्पा चालतात. पूर्वेला झाडांच्या शेंड्यांवर उजेड आला, की पायमोज्याच्या नळ्या मनगटांवर चढतात, दुपट्टे कानाला गुंडाळले जातात आणि एकेक फटफटी सुरू होते.