अभिप्राय : छान

देवरूखच्या माणसाला लग्नाच्या पंगतीत विचारा, "काय, जेवण कसं झालं?" तो मठ्ठ्याचा एक घोट घेतो, दोन क्षण मांडवाच्या कापडाकडे बघतो आणि म्हणतो, "जिलबी बरी होती." याचा अर्थ भात कच्चा होता, आमटीत मीठ नव्हतं आणि आचारी बदलायला हवा होता. अशा गावात मी आंबे विकायची वेबसाइट काढली. तिच्या तळाशी 'आपला अभिप्राय कळवा' असा चौकोन ठेवला. पंधरा दिवसांत एकवीस अभिप्राय आले. त्यांतले एकोणीस 'छान' होते, विसावा 'खूप छान' होता आणि एकविसावा माझाच होता. चौकोन चालतो की नाही ते बघायला मी त्यात 'चाचणी' असं लिहिलं होतं.

मागण्या मात्र चारच आल्या. त्यांतली एक माझ्याच हातून चुकून गेलेली.

आमचा आंब्याचा कारभार तसा लहान. वडिलांनी लावलेली चाळीसेक हापूसची कलमं, देवाने मनावर घेतलं तर दीडशे पेट्या. शाळेतून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, आम्ही त्या थेट मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना देतो. पद्धत साधी होती. फोन वाजायचा, मी झोपाळ्यावरून "अगं, फोन!" असं ओरडायचो आणि सौ. हात पुसत येऊन तो घ्यायची. माझ्याकडे धोरणात्मक बाजू होती.

पुण्याच्या पुतण्याने यंदा वेबसाइट करून दिली. दिसायला देखणी. उघडली की आधी समुद्र, त्यात शिडाची होडी, मागे मावळता सूर्य. मग माझा फोटो, कोटातला. देवरूख रत्नागिरी जिल्ह्यात असलं तरी ते सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे, इथे समुद्र म्हणजे मार्लेश्वरचा धबधबा फार तर, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "काका, कोकण म्हटलं की लोकांना समुद्र लागतो." लोकांना काय लागतं हे त्याला पक्कं ठाऊक असल्यामुळे मी गप्प बसलो. उत्साहाच्या भरात लँडलाइनही काढून टाकला. वेबसाइट असताना फोनचं भाडं कशाला भरा?

एप्रिल संपत आला. अढीतल्या आंब्यांचा वास माजघरातून ओटीवर आला. आंबा हा फार शिस्तीचा प्राणी आहे; अभिप्राय छान आहेत म्हणून तो पिकायचा थांबत नाही. आणखी आठ दिवसांत सगळा माल वाशीला पाठवावा लागणार आणि तिथे पडेल तो भाव 'खूप छान' म्हणून घ्यावा लागणार, हे दिसू लागलं. तेवढ्यात माझी भाची सुट्टीला आली.

ही मुलगी पुण्यात काय नोकरी करते हे आम्हाला तोवर नीट कळलेलं नव्हतं. लोक वेबसाइट वापरताना कुठे अडतात ते शेजारी बसून बघायचं, याचा तिला पगार मिळतो. (दुसऱ्याच्या कामाकडे शेजारी बसून बघणं ही आमच्या गावातली जुनी कला. तिला पगार असतो हे आधी कळलं असतं, तर निम्मं देवरूख हिंजवडीत असतं.)

अभिप्राय वाचून ती म्हणाली, "मामा, हे सगळे तुमच्या ओळखीचे. तोंडावर कोण वाईट बोलणार? लोक काय म्हणतात ते सोडा, काय करतात ते बघूया. पाच माणसं गोळा करा."

"पाचच?"

मग तिने याकोब नीलसन नावाच्या एका डॅनिश गृहस्थाचं सांगितलं. त्याने २००० साली हिशेब मांडला होता, की पाचच माणसांना वापरायला देऊन नीट बघितलं तर वेबसाइटच्या सुमारे ८५ टक्के अडचणी उघड्या पडतात. पांडवही पाचच होते, असं मी म्हणालो. त्यावर ती हसली नाही. फक्त मला एक अट घातली : चाचणी चालू असताना मामांनी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, सुस्कारे टाकायचे नाहीत. चौतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला समोरचा चुकत असताना हाताची घडी घालून बसवणं ही काय शिक्षा आहे, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

पहिले आले निवृत्त पोस्टमास्तर. "बोलत बोलत वापरा, मनात येईल ते मोठ्याने म्हणा," असं भाचीने सांगितलं. ही सूचना देवरूखात अनावश्यक होती. "समुद्र कुणाचा हा?" इथून त्यांनी सुरुवात केली. माझ्या फोटोपाशी थांबून "गुरुजी, हा फोटो तेराव्यासाठी राखून ठेवा" म्हणाले. पत्ता सुरेख भरला. मग पिन कोड. ४१५, मग थोडी जागा, मग ८०४. चौकोन लाल झाला : 'पिन कोड अवैध आहे.'

मास्तरही लाल झाले. "अवैध? बत्तीस वर्षं टपालात काढली मी!" वेबसाइटला मधली मोकळी जागा चालत नव्हती, आणि ती न सोडणं मास्तरांच्या बोटांना चालत नव्हतं. पुढची पंधरा मिनिटं त्यांनी आम्हाला पिन कोड शिकवला. एकाच नावाची गावं देशभर, पत्ते वाटेल त्या भाषेत आणि वाटेल तसे लिहिलेले. टपाल वाटायचं कसं? म्हणून टपाल खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी ही पद्धत बसवली आणि १५ ऑगस्ट १९७२ ला ती सुरू झाली. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून छाटणीचा जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या कचेरीचे. "म्हणून तिनावर श्वास घ्यायचा! आणि माणूस साधा नव्हे, संस्कृतातला कवी. कवीला यतिस्थान कळतं, तुमच्या यंत्राला कळत नाही." भाची भराभर लिहून घेत होती. मला वाटलं ती वेलणकरांचं लिहून घेतेय. नंतर बघितलं तर वहीत एवढंच होतं : 'जागा चालू द्या.'

दुसऱ्या शेजारच्या वहिनी. त्या आंब्याच्या चित्रावर बोट दाबत राहिल्या. चित्र ढिम्म. खाली बटण होतं, 'कार्टमध्ये टाका'. "कुणाच्या गाडीत टाकायचे? आमच्याकडे स्कूटर आहे," असं म्हणून त्या उठल्याच. तिसरा आमचा रिक्षावाला. 'संख्या' या चौकोनात त्याने ५ लिहिलं. त्याला पाच डझन हवे होते, म्हणजे एक पेटी. वेबसाइटने पाच पेट्या, पंचवीस डझनांचं बिल दाखवलं. त्याने फोन जमिनीवर ठेवला आणि त्याच्यापासून थोडा लांब सरकून बसला. चौथी डोंबिवलीची मेहुणी, व्हिडिओ कॉलवर. तिने सगळं शेवटपर्यंत नीट केलं आणि पैसे भरायच्या वेळी थांबून म्हणाली, "पण आंबे तयार येणार की कच्चे? थांबा, ताईलाच विचारते."

पाचवी म्हणून भाचीने मामीला बोलावलं. सौ.ने फोनला हातच लावला नाही. आत गेली आणि फडताळातून एक जुनी रोजनिशी घेऊन आली.

त्या वहीत अकरा वर्षांचे फोन होते. मी झोपाळ्यावर धोरण आखत असताना हिने प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, नंबर आणि त्याने काय विचारलं ते लिहून ठेवलं होतं. 'अक्षय्य तृतीयेला हवेत, दोन दिवस आधी पाठवणे.' 'फळ लहान चालेल, माणसं दोनच.' 'किती दिवसांत खायचे? (सगळे विचारतात.)' 'डागी निघाला तर काय? (बदलून देते म्हटलं.)' भाची पानं उलटत होती आणि तिचा चेहरा बदलत होता. "मामी, आमच्या कंपनीत याला सहा महिने लागतात," ती म्हणाली. त्या वहीतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर आमच्या वेबसाइटवर नव्हतं. समुद्र होता.

मी आपला शेवटची पानं चाळत बसलो. दर वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गिरगावातल्या एका आजोबांचा फोन नोंदलेला. मूळचे देवरूखचेच. एकच पेटी. पुढे हिच्या अक्षरात : 'सोळजाईचं देऊळ, पाऊस, शाळेचं कौलारू छप्पर. वीस मिनिटं.' यंदाचं पान कोरं होतं.

"त्यांचा नाही आला?" मी विचारलं.

"कुठे येणार? फोन काढलात ना," ती म्हणाली. रागाने नाही, नुसतीच.

तिने मोबाइलवरून त्यांना लावला. पलीकडे बराच वेळ कुणी बोलेना. मग आजोबा म्हणाले, "वहिनी, तुम्ही आहात?" त्यांनी जुना नंबर चार वेळा फिरवला होता. तो बंद. नातवाने वेबसाइट उघडून दिली, तर तीत एकटा मी, कोट घालून, गंभीर. हिचं नाव कुठेच नाही, फोन नंबर नाही. त्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं. अभिप्रायाच्या चौकोनात काय लिहावं ते सुचेना, म्हणून नातवाकडून 'छान' असं लिहवून घेतलं.

तो फोन चाळीस मिनिटं चालला. मी तेवढ्यात दोनदा चहा केला.

पुतण्याने रात्रीत समुद्र काढला. माझा फोटोही काढला. भाचीच्या मते त्याने काही नुकसान होणार नव्हतं. आता उघडल्या उघडल्या गवतात मांडलेली उघडी पेटी दिसते, शेजारी 'एक पेटी म्हणजे ५ डझन', खाली वहीतले प्रश्न सौ.च्याच शब्दांत उत्तरांसकट, आणि सगळ्यांत वर तिचं नाव नि ठळक आकड्यांत फोन नंबर. आजवर नव्वद पेट्या गेल्यात. त्यांतल्या बऱ्याच जणांनी वेबसाइट बघून शेवटी फोनच केला. मी "अगं, फोन!" म्हणून ओरडतो. मात्र परवापासून दुपारी दोन ते चार फोन मी घ्यायचा, असं ठरलं आहे, आणि वहीत लिहायचंही. पहिल्याच दिवशी मी एका गिऱ्हाइकापुढे 'छान' असं लिहिलं. सौ.ने ते खोडून काय विचारलं ते लिहायला लावलं.

गिरगावची पेटी काल एसटीने रवाना झाली. वरचा पत्ता पोस्टमास्तरांनी हट्टाने स्वतः लिहिला. पिन कोडात तिनानंतर जागा सोडून.