प्रदक्षिणेचे माप

समुद्रावर मैलाचे दगड नसतात आणि एकट्याने निघालेल्या नाविकाबरोबर साक्षीदारही नसतो. तरीही शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्यांचे विक्रम नोंदवले जातात, त्यांसाठी नियम केले जातात आणि त्या नियमांवरून मोठमोठे जाणकार हमरीतुमरीवर येतात. किनाऱ्यावर सुखरूप बसून मी हे वाद अनेक वर्षे वाचत आलो आहे. साक्ष, सत्य आणि सद्सद्विवेक हे माझ्या नित्याच्या चिंतनाचे विषय. कदाचित म्हणूनच या प्रकरणांनी माझे मन धरून ठेवले असावे.

१९६८ साली लंडनच्या 'संडे टाइम्स'ने 'गोल्डन ग्लोब' ही स्पर्धा जाहीर केली. एकट्याने, कोठेही न थांबता, कोणाचीही मदत न घेता पृथ्वीला वळसा घालून परतायचे, एवढीच अट. नऊ जण निघाले आणि एकानेच ती पुरी केली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, इंग्लंडच्या फाल्मथ बंदरात परतला. त्याची 'सुहैली' ही सागवानी नौका आपल्या मुंबईत बांधलेली होती, हे वाचून मला उगाचच अभिमान वाटला होता. त्याच स्पर्धेतला डोनाल्ड क्राउहर्स्ट मात्र अटलांटिक महासागरातच घुटमळत राहिला आणि बिनतारी संदेशांतून खोटी प्रगती कळवत राहिला. एका दिवसात २४३ मैल कापल्याचा दावाही त्याने केला. दुरुस्तीसाठी तो अर्जेंटिनाच्या किनाऱ्याला गुपचूप लागला, हाही नियमभंगच. क्राउहर्स्ट मागून वेगाने येत आहे अशा समजुतीने नायजेल टेटली याने आपली खिळखिळी झालेली नौका ताणली आणि ती बुडाली. तो स्वतः वाचला, एवढेच समाधान. १० जुलै १९६९ रोजी क्राउहर्स्टची नौका सापडली, तेव्हा तीत माणूस नव्हता. नोंदवह्या होत्या, आणि खरे काय घडले ते त्यांतूनच उघड झाले. नॉक्स-जॉन्स्टनने बक्षिसाचे ५,००० पौंड क्राउहर्स्टच्या पत्नीला व मुलांना देऊन टाकले.

आज उपग्रहामुळे नौकेचे ठिकाण घडोघडी कळते, त्यामुळे अशी लबाडी जवळजवळ अशक्य झाली आहे. परंतु वाद संपले नाहीत. पूर्वी 'खरोखर गेला का?' असे विचारीत. आता 'गेला, पण ते धरायचे का?' असे विचारतात.

हा हिशेब ठेवणारी प्रमुख संस्था म्हणजे 'वर्ल्ड सेलिंग स्पीड रेकॉर्ड कौन्सिल'. तिचा नियम असा: नौकेने निघाल्या ठिकाणीच परतावे, सर्व रेखावृत्ते ओलांडावीत, विषुववृत्त ओलांडावे आणि मार्गाची लांबी किमान २१,६०० सागरी मैल भरावी. हा आकडा आला कोठून? वर्तुळाचे ३६० अंश, प्रत्येक अंशाची ६० मिनिटे, आणि विषुववृत्तावरील एक मिनिट म्हणजे साधारण एक सागरी मैल. गुणाकार वाचकांनीच करून पाहावा. अशी अट नसती, तर दक्षिणेकडे ६० अक्षांशापाशी अंटार्क्टिकाभोवती गिरकी घेऊनही सगळी रेखावृत्ते ओलांडता आली असती, आणि तिथे तो वळसा निम्मा, म्हणजे १०,८०० मैलांचाच आहे.

खरी मेख पुढे आहे. हे मैल नौकेने प्रत्यक्ष कापलेले नव्हेत. मार्गातील ठळक बिंदूंमधले सर्वांत जवळचे अंतर तेवढे मोजायचे. वाऱ्यामुळे घ्याव्या लागलेल्या नागमोडी वळणांना किंमत नाही. या मापाला 'ऑर्थोड्रोमिक' म्हणतात. सेमिनरीत शिकलेल्या ग्रीकपैकी जे थोडे शिल्लक आहे, त्यावरून सांगतो: 'ऑर्थोस' म्हणजे सरळ आणि 'ड्रोमोस' म्हणजे धाव. आमच्या शाळेतल्या पृथ्वीगोलावर मी दोरा ताणून हे माप समजून घेतले. शिपाई दारातून नवलाने पाहत होता.

ऑस्ट्रेलियाच्या जेसिका वॉटसनचे प्रकरण या दोऱ्यातच गुंतले. १८ ऑक्टोबर २००९ रोजी ती सिडनीहून निघाली. त्याआधीच्या महिन्यात सरावाच्या फेरीत तिची नौका एका प्रचंड मालवाहू जहाजावर आदळली होती, आणि हिला थांबवा, अशी ओरड झाली होती. ती गेली, आणि २१० दिवसांनी, १५ मे २०१० रोजी, सतराव्या वाढदिवसाला तीन दिवस उरले असताना परतली. पंतप्रधान स्वागताला हजर होते. परंतु ती पोहोचण्यापूर्वीच जाणकारांनी हिशेब मांडला होता: विषुववृत्त तिने पॅसिफिकमध्ये ओलांडले खरे, पण मोजणीचे अंतर सुमारे २,००० मैलांनी कमी पडते. तिच्या आधी, १९९९ साली, जेसी मार्टिन हा अठरा वर्षांचा मुलगा मेलबर्नहून निघून उत्तर अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांपर्यंत चढून परतला होता. त्याच्या मापाला ही नौका उतरली नाही, असे त्यांचे म्हणणे. तिच्या बाजूचे उत्तरले की, कौन्सिल वयाचे विक्रम नोंदवतच नाही. मग तिच्या फूटपट्टीने हिला का मोजता?

येथे भूगोलाचा पक्षपातही लक्षात घ्यावा. १९९६ ला परतलेला डेव्हिड डिक्स, मार्टिन, वॉटसन हे सारे दक्षिण गोलार्धातले. त्यांना विषुववृत्तासाठी मुद्दाम उत्तरेकडे चढावे लागते. मुंबईहून निघणाऱ्याला ते वाटेतच दोनदा भेटते. २०१२-१३ मध्ये कमांडर अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून मुंबईहून निघून कोठेही न थांबता मुंबईत परतले, तेव्हा त्यांना असा वेगळा वळसा घालावा लागला नाही. डिक्सची कथा तर याहून बोचरी. प्रवासात डोलकाठीच्या दुरुस्तीसाठी त्याने बाहेरून एक बोल्ट स्वीकारला. एका बोल्टापायी 'विनासाहाय्य' हा शब्द त्याच्या नावापुढून गेला! कठोर वाटते, पण एक बोल्ट चालतो म्हटल्यावर दोन का नकोत?

अंतराच्या वादात माझे मन त्या मुलीकडे झुकते. वयाच्या विक्रमाबाबत मात्र मी कौन्सिलच्या बाजूचा आहे. वेगाचा विक्रम मोडणाऱ्याला अधिक चांगली नौका आणि अधिक कौशल्य लागते. 'सर्वांत लहान' हा विक्रम मोडायला आणखी लहान असावे लागते, आणि लेकराला कितव्या वर्षी समुद्रात सोडायचे, हे शेवटी आईवडील ठरवतात. २०१० च्या जूनमध्ये सोळा वर्षांच्या ॲबी संडरलँडची डोलकाठी हिंदी महासागरात मोडली आणि एका फ्रेंच मच्छीमार जहाजाने तिला वाचवले. तिची सोडून दिलेली नौका आठ वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्याजवळ उलटी तरंगताना दिसली. त्या छायाचित्रापुढे मी बराच वेळ थांबलो होतो.

नेदरलँड्समध्ये हा प्रश्न न्यायासनापुढेच गेला. लॉरा डेकर तेरा वर्षांची. वडील अनुकूल, सरकार प्रतिकूल. २००९ साली न्यायालयाने तिला बालसंरक्षण खात्याच्या देखरेखीखाली ठेवले. वर्षभराने ती देखरेख उठवली आणि निर्णय पुन्हा घराकडे सोपवला. थांबे घेत तिने प्रदक्षिणा केली आणि जानेवारी २०१२ मध्ये, सोळाव्या वर्षी, कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटावर ती पुरी केली. तोवर गिनीजनेही वयाचा हा विक्रम नोंदवणे बंद केले होते. लॉराने शिडे पुन्हा उभारली आणि ती पुढे न्यूझीलंडला, आपल्या जन्मगावाकडे, निघाली.