पाऊस: कथेतला आणि पनवेलचा

मराठी कथेतला नायक "माझं तुझ्यावर प्रेम आहे" असं सहसा म्हणत नाही. ते खातं पावसाकडे असतं. नायक खिडकीपाशी उभा राहून "आभाळ भरून आलंय" एवढंच म्हणतो. नायिका पदर सावरते, वीज कडाडते, दिवे जातात आणि पुढच्या परिच्छेदात एकदम सकाळ! पागोळ्या गळत असतात. सुज्ञ वाचक काय ते समजतो.

आता मी पडलो बी. कॉम. प्रत्येक गोष्टीचा जमाखर्च मांडायची खोड. तेव्हा याचाही मांडला. वाड्यात माणसं सतरा, खोल्या तीन. पावसानं वाट अडवली तरच दोघांना एका आडोशाला उभं राहता यायचं. म्हणजे पाऊस आधी सोय होता, प्रतीक मागाहून झाला. ही सोय फार जुनी. हाल सातवाहनाच्या 'गाथासप्तशती'त, महाराष्ट्री प्राकृतात, भात पिकून शेतं पांढरी पडायला लागली म्हणून एक बाई रडते. पीक आलं तर रडायचं कशाला? पण कापणी झाली की हिची भेटायची जागा गेली! सखी समजूत घालते, की अगं, तागाची शेतं अजून उभी आहेत. आम्ही बँकेत याला पर्यायी तारण म्हणतो. कालिदासाच्या यक्षानं तर रामगिरीवरून, म्हणजे पुष्कळांच्या मते आपल्या रामटेकवरून, ढगालाच पोस्टमन केलं.

आपल्या कथाकारांनी हे खातं चालू ठेवलं. जी. ए. कुलकर्णींच्या संग्रहांची नुसती नावं वाचा: 'निळासावळा', 'रक्तचंदन', 'काजळमाया', 'सांजशकुन'. पुस्तक उघडायच्या आधीच मळभ येतं! फरक इतकाच, की तिथे दार वाजलं तर बाहेर प्रियकर नसतो, नियती असते.

एवढा अभ्यास झाल्यावर मी गप्प कसा बसणार? एका दिवाळी अंकासाठी कथा लिहिली. आम्हां पनवेलकरांना पावसाची काय वाण! जूनमध्ये कर्नाळ्याचा सुळका ढगात गेला, की आमची छत्री बाहेर येते ती दसऱ्यापर्यंत. मी नायिकेला कर्नाळ्याच्या पायथ्याशी मनसोक्त भिजवली. कथा साभार परत आली आणि नेमकी सौभाग्यवतींच्या हाती पडली.

"अहो, ही भिजलेली बाई कोण?"

"कुणी नाही गं. प्रतीक आहे."

"प्रतीक मुलाचं नाव असतं," ही म्हणाली. "आणि माझ्याबरोबर भिजलात कधी?"

भिजलो होतो. एकदाच. २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. इकडे आमच्या गाढी नदीला पूर. लग्नाला सहा महिने झालेले, बिऱ्हाड तळमजल्यावर. मांडीभर पाण्यातून मी घरी पोचलो. दिवे गेले होते, वीज कडाडत होती. कथेला लागतं ते सगळं हजर. फक्त घरात घोटाभर पाणी होतं आणि ही स्टुलावर उभी राहून माळ्यावर सामान चढवत होती.

"बघत काय उभे राहिलात? तांदळाचा डबा द्या वर!"

त्या रात्रीचे आमचे प्रेमसंवाद एवढेच. उरलेली रात्र स्वयंपाकाच्या ओट्यावर पाय पोटाशी घेऊन काढली. पहाटे पाणी ओसरलं. खालच्या पेटीतला हिचा लग्नातला शालू चिखलानं माखला होता. माळ्यावर मात्र सगळ्यांत आत, म्हणजे सगळ्यांत आधी, तांदळाच्याही आधी चढवलेलं एक गाठोडं होतं, प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधलेलं. माझ्या कॉलेजपासूनच्या साभार परत आलेल्या अकरा कथा. अकराही कथांत धो धो पाऊस होता. एकही भिजली नव्हती.

मी तेव्हा काही बोललो नाही. मला वाटलं, बाहेर एवढा पडतोय, तोच बोलेल. पाऊस बोलला नाही. त्याला त्या दिवशी दुसरी कामं होती.

"शालू का नाही ठेवलास आधी वर?" इतक्या वर्षांनी मी विचारलं.

"शालू काय, दुसरा मिळतो. तुमच्या कथा पुन्हा कोण लिहिणार? एकदा लिहिल्यात तेच पुष्कळ."

बाहेर ऑक्टोबरचं रणरणतं ऊन होतं. आभाळात औषधाला ढग नाही. वातावरणनिर्मिती शून्य! तरीही मी धीर केला आणि मराठी नायक जे वाक्य सहसा म्हणत नाही, ते म्हणून टाकलं.

ही माझ्याकडे बघतच राहिली. मग लगबगीनं उठली.

"कुठे निघालीस?"

"गच्चीवरचे कपडे आत घेते. तुम्ही असं बोललात, म्हणजे आज पाऊस नक्की!"