शाकारणी

वैशाख अर्धा सरला की शिरवण्याच्या आमच्या आळीत घराघरांवर माणसं चढलेली दिसायची. शाकारणी सुरू. मांजरांनी सरकवलेली, फांद्यांनी फोडलेली कौलं उतरवायची, कुजका वासा काढून नवा घालायचा, रिपा ठोकायच्या आणि पुन्हा कौलाला कौल बसवायचं. आम्ही पोरं शिडीखाली रांगेनं उभी राहून ती हातोहात वर द्यायचो. काहींच्या पोटावर इंग्रजी अक्षरं उठलेली असायची. ती वाचता यायला लागली तेव्हा शाळेत गेल्याचं सार्थक झालं असं वाटलं होतं! बासेल मिशननं मंगळुरात १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, पुढे तशी कौलं सगळ्या किनाऱ्यावर पसरली, हे फार नंतर कळलं.

पुढे ओटी, मग माजघर, मागे चूल. भिंती मातीच्या, हातभर जाड. चुलीचा धूर वाश्यांमधून वर जायचा आणि लाकूड काळंभोर व्हायचं. घरातली म्हातारी माणसं म्हणत, धुरानं वाळवी लागत नाही. गॅस आला तेव्हा आम्हाला केवढा आनंद! चार-पाच पावसाळ्यांत वासे पोकळ झाले. लग्नाचा मांडव अंगणातच पडायचा, भिंतीवर बायका तांदळाच्या पिठाचा चौक काढायच्या, लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण रात्र जागवायची. आता हळद हॉलमध्ये लागते, आणि चौकाला भिंत मिळाली तर तिच्यावर टाइल्स असतात.

ही घरं कुणी वैतागून पाडली नाहीत. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठच्या आमच्यासारख्या गावांच्या शेतजमिनी नवी मुंबई या नव्या शहरासाठी संपादित होत गेल्या. भात गेलं. १९८४च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पाच जण हुतात्मे झाले, आणि त्या लढ्यातून पुढे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड देणारी साडेबारा टक्क्यांची योजना आली. पण मधल्या काळात पोट कशावर भरायचं? हातात उरली फक्त घराखालची जागा. शेजारीच एमआयडीसी, तिथल्या कामगारांना खोल्या हव्या होत्या. चार भावांची वाटणी झाली, ओटीच्या जागी जिना आला, जिन्यावर मजले चढले. शेताचं उत्पन्न घरातूनच काढायचं ठरलं, आणि घर उभं पिकलं. आज आळीत समोरासमोरच्या गॅलऱ्यांतून मीठ-साखर देता येते.

गिरगावातल्या खोताच्या वाडीत गेलो की मला थोडा मत्सर वाटतो, खोटं कशाला बोलू! लाकडी जिने, रंगवलेले कठडे, घर जपणारी माणसं. मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली, वास्तूंना श्रेणी मिळाल्या. तरी तिथंही टॉवर घुसलेच. पणजीचं फोंतैन्यास असंच, तिथं तर जुनं घर पाहुण्याला राहायलाही मिळतं. आमच्या कुडामातीच्या घराला कुठली श्रेणी देणार? ते दगडी राजवाड्यासारखं उभं राहून टिकणारं नव्हतंच. दरवर्षी उतरवून, सारवून, पुन्हा चढवूनच ते टिकायचं. शाकारणी थांबली त्या वर्षीच ते जुनं झालं. आमच्याकडे जीर्णोद्धार हा शब्द देवळासाठी राखलेला. घराच्या वाट्याला आला तो पुनर्विकास.

आमचं घर पाडायच्या आदल्या रात्री आजी एवढंच म्हणाली, "खांब तेवरा फोरू नको." तो सागवानी खांब काकांनी ठेवला. चार मजली इमारतीच्या जिन्याखाली तो आडवा पडलाय. भाडेकरूंची पोरं त्यावर बसून बूट घालतात. गेल्या मे महिन्यात गच्चीवर वॉटरप्रूफिंगवाला आला, तेव्हा त्यानं डांबराचे डबे त्या खांबावरच ओळीनं मांडले होते.