आधी पाणी मोजायचं

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर विहीर उन्हाळ्यात एक असते आणि पावसाळ्यात दुसरीच. मे महिन्यात बायका कठड्यावरून वाकून तळाचं पाणी शेंदतात. जुलैत दोर हातभर सोडला तरी कळशी भरते. या पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायचं काम माझ्याकडे आहे.

एका आषाढात पाड्यावरच्या काकींनी मला अडवलं. "एवढी पावडर कशाला रे? उन्हाळ्यात तर मूठभरच टाकायचास. पाण्याला वास मारेल."

त्यांची शंका रास्त होती. म्हणून मी दगड बांधलेली दोरी त्यांच्यादेखत विहिरीत सोडली. विहिरीचा व्यास 3 मीटर. वैशाखात पाणी 2 मीटर होतं, म्हणजे साधारण 14 हजार लिटर. आता दोरी 6 मीटर भिजून आली. पाणी 42 हजार लिटरांवर गेलं होतं. चांगली टीसीएल असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम लागते. म्हणजे वैशाखात 35 ग्रॅम, आता 105.

"आधी उन्हाळ्याचंच माप टाकून बघू," मी म्हटलं. 35 ग्रॅम पावडर बादलीत घेतली, थोड्या पाण्यात कालवून तिची पेस्ट केली, मग पाणी वाढवून ढवळलं. दहा मिनिटांत चुना तळाला बसला. वरची निवळ दुसऱ्या बादलीत ओतली, ती दोराने विहिरीत सोडली आणि वरखाली हलवली. पावडर ताजी असली तर तिच्यात 33 टक्के क्लोरीन असतो. बादलीतल्या 15 लिटरमध्ये दर लिटरला पाऊण ग्रॅमहून थोडा जास्त क्लोरीन होता. तोच सगळा क्लोरीन 42 हजार लिटरांत पसरला, तेव्हा लिटरमागे पाव मिलिग्रॅमच्या आसपासच उरला. पसरल्याने क्लोरीन कुठे गेला नव्हता. वैशाखापेक्षा पाणी तिप्पट झालं, म्हणून त्याची तीव्रता तिसऱ्या हिश्श्यावर आली.

पाण्यात क्लोरीन उरला का ते बघायला तासाभराने ओटी टेस्ट केली. नळीत विहिरीचं पाणी घेतलं, वर औषधाचे थेंब टाकले. क्लोरीन असता तर पाणी पिवळं झालं असतं; ते बिनरंगीच राहिलं. पावसाच्या पाण्याबरोबर माती, पालापाचोळा, शेणकचरा विहिरीत उतरतो आणि होता तेवढा क्लोरीन त्यातच खर्ची पडतो. जंतूंसाठी काही उरत नाही.

काकी म्हणाल्या, "म्हणजे ताडीत पाणी घातल्यासारखंच की."

अगदी तसंच. उरलेली 70 ग्रॅम त्याच रीतीने सोडली. आणखी तासाने नळी पिवळी झाली. तासानंतर लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिला पाहिजे. नळीचा पिवळा रंग पट्टीवरच्या त्याच खुणेशी जुळला. काकींनी ओंजळभर पाणी हुंगून पाहिलं आणि कळशी भरून घेतली.

जुलाब, कावीळ, टायफॉइड याच दिवसांत पाड्यावर येतात, आणि आधी गाठतात ते लेकरांना. म्हणून माझं प्रत्येक गावच्या पाणीवाल्याला कळकळीचं सांगणं आहे: मोठा पाऊस झाला की पावडरच्या डब्याला हात लावण्याआधी विहिरीत दोरी सोडा. गेल्या महिन्याचं माप आजच्या पाण्याला पुरेलच असं नाही.